सकाळची गोळी आणि सासूबाईंचा अडकित्ता

गेल्या मंगळवारी नेरूळला डॉक्टर मॅडमकडे गेले होते... भांडायलाच गेले होते खरं तर. पोटाने जीव नकोसा केला होता आणि धड कोणी काही सांगत नव्हतं.

आधी काय ते सांगते. मला संधिवात आहे. बोटं अशी सुजायची की लाटणं धरता यायचं नाही, आणि माझं घर लाटण्यावर चालतं... ऐरोलीत कंपनीतल्या पोरापोरींना चपाती-भाजीचे डबे देते मी.

मग स्टेरॉईडची गोळी लागली आणि हात चालायला लागले. पण वर्षानुवर्षं घेऊन तोंड पुरीसारखं फुगलं, शुगर वाढली, हाडं ठिसूळ व्हायला लागली म्हणे. म्हणून मॅडम म्हणाल्या, आता हळूहळू कमी करू. आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही, जिवावर बेतेल, हे पण बजावलं. आणि सांगितलं, उद्यापासून सकाळची गोळी अर्धी.

झालं... केली अर्धी. थोड्याच दिवसांत पोट असं पेटलं ना, की विचारू नका. छातीपर्यंत आग, तोंडात आंबट पाणी, घास गिळला की मळमळ. फोडणीचा वास आला की गॅस बंद करून मी बाल्कनीत. आता फोडणी न घालता भाजी कशी करायची सांगा.

आणि हात? हात एकदम मस्त. सगळ्यांनी घाबरवलेलं की गोळी कमी झाली की सांधे बोंबलतील. इथे सांधे गप्प आणि पोट बोंबलतंय... गोळी हाताची, मग बिघडलं पोट कसं? डोकंच चालेना.

करंजाड्याची जाऊ फोनवर म्हणाली, शरीराला सवय लागलीय, ते मागतंय, देऊन टाक पूर्ण गोळी. आमचे हे म्हणाले, तिखट बंद कर. तिखट बंद केलं, चहा बंद केला, ताक प्यायले, थंड दूध प्यायले, नुसत्या मऊ भातावर राहिले. आज ताकाने बरं वाटायचं, उद्या त्याच ताकाने जळजळ. कोणाचं ऐकायचं तेच कळेना.

एकदा तर चिडून पूर्ण गोळी हातात घेतली होती. फुगलं तोंड तर फुगू दे म्हटलं. मग वाटलं, इतकं सोसलं ते फुकट जाईल... परत अर्धीच केली.

तर मंगळवारी मॅडमना सगळं ऐकवलं. त्यांनी आधी पोट दाबून बघितलं, शी काळी होते का, उलटीत रक्त येतं का विचारलं. नाही म्हटलं. मग हात कसे आहेत विचारलं, तर छान म्हटलं. तेव्हा त्या परत माझा कागद बघायला लागल्या. त्यांनाही काही पटेना.

मला राहवेना. म्हटलं, "आणि ती गोळी तोडायला पण किती ताप हो. सुरीखाली घसरते. सासूबाईंच्या अडकित्त्याने तोडते मी."

"अडकित्त्याने?" मॅडम बघतच राहिल्या. "अहो ताई, एवढीशी पांढरी गोळी ती. मधे चीर असते. नखाने तुटते."

"पांढरी कुठे? पिवळी. सकाळची."

आता आमच्या घरात गोळ्यांना नावं आहेत. उठल्या उठल्या उपाशीपोटी घ्यायची, ती सकाळची गोळी. ती पिवळी. पांढरी, काही खाऊन झाल्यावर घ्यायची, ती नाश्त्याची गोळी. मी नाश्त्याला बसते तोपर्यंत डबे घराबाहेर पडलेले असतात, ती वेळ मला सकाळ वाटतच नाही. मॅडमच्या हिशोबाने दोन्ही सकाळच्याच.

पिवळी होती पोटाची! स्टेरॉईडने पोट जळू नये म्हणून दिलेली. तिचं वरचं कवच फोडलं की पोटातल्या आम्लाने ती वाया जाते, म्हणाल्या. म्हणजे पोट सांभाळणारी मी अडकित्त्याने फोडत होते, आणि पोट जाळणारी पांढरी अख्खी गिळत होते.

मॅडम म्हणाल्या, "माझी पण चूक आहे. गोळी हातात घेऊन दाखवायला पाहिजे होती."

मी म्हटलं, "पाहिजेच होती."

पण खरा धक्का रिक्षात बसल्यावर बसला. हात छान होते, कारण स्टेरॉईड कमी झालीच नव्हती. अख्ख्या सोसायटीला सांगून मोकळी झाले होते मी, गोळी अर्धी केली तरी माझे हात बघा कसे चालतात... कमी काहीच झालेलं नाही. अजून सुरुवातच नाही. हसू की रडू तेच कळेना.

आता पिवळी अख्खी घेते. पोट हळूहळू निवतंय. आज कांद्याची फोडणी घातली आणि बाल्कनीत पळावं लागलं नाही. पोट शांत झालं की पांढरी कमी करायची, मॅडम सांगतील तेव्हा आणि तेवढीच. तेव्हा हात काय म्हणतील, देव जाणे. उगाच दिवसभर मूठ मिटून, उघडून बघत असते.

त्या दिवशी निघताना मॅडमनी माझ्याकडची पांढरी गोळी माझ्याच तळहातावर ठेवली. म्हणाल्या, "कमी करायची ती ही. हिला घरात काय म्हणणार, ते आत्ता मला सांगून जा."

मी म्हटलं, "नखाची गोळी."

अडकित्ता धुऊन परत सुपारीच्या डब्यात ठेवलाय. डोक्यातला गोंधळ काही पूर्ण गेलेला नाही... पण भांडायला गेलेल्या बाईला गोळी तोडते कशी एवढं बोलू दिलं, त्याबद्दल मॅडमचे आभार.