बिस्मिल्लाबीची धुनकी

दिग्रसमधल्या पुष्कळ घरांत इकबाल पिंजाऱ्यांची गादी आहे. माझ्याही घरी आहे. गावात पिंजायचं मशीन आलं, फोमच्या गाद्या आल्या, तरी लेकीच्या लग्नाला आणि बाळंतिणीला चाचांच्याच दुकानातली गादी लागते, असं मानणारे लोक अजून आहेत. मशीन रुईला चावते, हाताने चालवायची धुनकी तिला मोकळी करते, असं चाचा गिऱ्हाइकाला समजावून सांगत. दुपारी दुकानाचं दार लोटलेलं असलं आणि आतून धुनकीच्या तातेचा टँव-टँव आवाज येत असला, की रस्त्यानं जाणारे म्हणत, चाचा कामाला लागले.

खरं म्हणजे गेली अकरा वर्षं ती धुनकी त्यांची बायको चालवत होती. हे फक्त घरातल्यांना ठाऊक होतं.

बिस्मिल्लाबी मूळच्या महागावच्या. त्यांचे वडीलही पिंजारीच. मुलगा नव्हता, म्हणून दहा वर्षांच्या पोरीच्या हातात त्यांनी धुनकी दिली. छताला टांगलेलं ते लांब लाकडी धनुष्य, त्याला आतड्याची ताणलेली तात. तात रुईच्या ढिगात बुडवायची आणि लाकडी मुठियाने तिच्यावर ठोका द्यायचा. मुठियाचा हात जड पडला तर तात तुटते, हलका पडला तर रुई उघडत नाही. पोरीला ते लवकर साधलं. अठराव्या वर्षी लग्न होऊन दिग्रसला आल्यावर मात्र सासूने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "हे मर्दाचं काम हाय. आमच्या घरच्या बायका सुईदोरा करतात." पुढची सव्वीस वर्षं त्यांनी फक्त खोळी शिवल्या आणि गादीला टाके घातले.

मग चाचांना खोकला लागला. जुन्या गाद्यांतली धूळ, रुईचे बारीक तंतू, वर्षानुवर्षं छातीत गेलेले. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, कापसाजवळ जाऊ नका. त्या दिवशी घरी आल्यावर चाचांनी खुर्चीवर चढून धुनकीची दोरी वीतभर सोडली, बायकोच्या उंचीला येईल एवढी. म्हणाले, "तुले येतं ना अजून?" बिस्मिल्लाबींनी होकाराची मान हलवली. "मंग कर. पण बाहेर कोणाले समजू देऊ नोको. एवढंच मागतो."

तेव्हा बिस्मिल्लाबींना हे मागणं फार मोठं वाटलं नाही.

या जानेवारीत सलोनीने दिग्रसला धागा महोत्सव भरवला. सलोनी गावचीच, पुण्याला कापडाचं शिक्षण घेऊन परत आलेली. एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याची मोठी शेड तिने साफ करून घेतली. तीन दिवसांत सूतकताई, गोधडी, विणकाम असे हाताने करून शिकायचे वर्ग होते. तांड्यावरच्या लालीबाई बंजारा भरतकाम शिकवायला येणार होत्या. पिंजण्याच्या वर्गासाठी सलोनी इकबालचाचांकडे गेली.

"चाचा, तुमच्याशिवाय कोण शिकवणार?"

चाचा लगेच हो म्हणाले. ती गेल्यावर बिस्मिल्लाबी पडद्याआडून पुढे आल्या.

"नोका जाऊ. दम लागन."

"धा मिन्टं दाखवतो. बाकीचं तोंडानं सांगतो."

"अन् लोकायनं अजून करा म्हनलं तर?"

"इतक्या वर्सात कोनी इज्जतीनं बोलावलं का मले? तू मोडता घालू नोको."

 महोत्सवाच्या आदल्या दिवशी बिस्मिल्लाबींनी दोन गाठोडी रुई पिंजून ठेवली, म्हणजे चाचांना तिथे फार मेहनत पडू नये.

पहिला दिवस नीट गेला. चाचांनी घरून नेलेली धुनकी थोडा वेळ चालवली आणि मग खुर्चीवर बसून आजोबांपासूनच्या गोष्टी सांगितल्या. लोकांनी फोटो काढले. संध्याकाळी ते घरी आले ते खोकतच, पण चेहरा खुललेला. त्यांना असं पाहून बिस्मिल्लाबींनाही बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष वर्ग होता, म्हणून त्या सोबत गेल्या. चाचांच्या श्वासाचा पंप त्यांच्या पिशवीत होता.

वर्गात आम्ही बाराजण होतो. मी होते, पुसदहून आलेल्या दोन शिक्षिका होत्या, इंदूबाई होत्या. इंदूबाईंची कळंबकडे शेती आहे, कापूस आणि तूर, आणि तीन वर्षांपूर्वी लेकीच्या लग्नाच्या गाद्या त्यांनी चाचांकडूनच करून नेल्या होत्या. बिस्मिल्लाबी थोड्या अंतरावर लालीबाईंच्या शेजारी बसल्या होत्या. हातात भरायला दिलेलं कापड होतं, नजर मात्र आमच्याकडे.

चाचांनी सुरुवात केली. दहा मिनिटं झाली. कुणीतरी म्हणालं, "चाचा, हात कसा वळतो ते दिसलं नाही, परत दाखवा ना." त्यांनी परत दाखवलं. आणखी कुणीतरी मागितलं. नाही म्हणणं त्यांच्या जिभेवर येईना. थंडी होती म्हणून शेडची दारं लावून घेतलेली, आणि पिंजलेल्या रुईचा भुगा उन्हाच्या पट्ट्यात नुसता तरंगत होता. एकाएकी ठोके थांबले. चाचा खाली बसले. तोंड उघडं, ओठ काळेनिळे, आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज.

बिस्मिल्लाबी आमच्याआधी पोचल्या. त्यांनी पंप तोंडाशी धरला, पाठ चोळली. सलोनीने त्यांच्या मुलाला, इमरानला, फोन केला. त्याचं गॅरेज जवळच होतं. तो पाच मिनिटांत ऑटो घेऊन आला. चाचांना उचलून बसवलं तेव्हा बिस्मिल्लाबीही चढायला लागल्या, पण चाचांनी हाताने थांबवलं. तुटक तुटक बोलले, "धुनकी... कोनी हात लावन. तू थांब." इमरान म्हणाला, "अम्मी, मी आहो ना. सामान घेऊन ये मागून."

म्हणून त्या मागे राहिल्या.

सलोनी घाबरून गेली होती. आज वर्ग होणार नाही, असं ती सांगत होती. आम्ही उभेच होतो, काय करावं ते कुणाला सुचत नव्हतं. आणि इंदूबाईंनी, कदाचित हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून, मुठिया उचलून तातेवर जोरात हाणला.

"अवो बाई, असं नाई. तुटन ते."

बिस्मिल्लाबींनी तो त्यांच्या हातून काढून घेतला. ओढणीचं टोक नाकातोंडावरून घट्ट बांधलं. मग एक ठोका दिला, कसा द्यायचा ते दाखवायला. तात रुईत शिरली. त्यांनी दुसरा दिला. नंतर त्यांचा हात थांबला नाही. दोन चटचट, एक लांब, दोन चटचट, एक लांब. अर्धवट उघडलेला तो ढीग बघता बघता फुगत गेला. चाचांच्या हाताला हा ठेका नव्हता, हे आम्हा सगळ्यांनाच कळलं.

इंदूबाई म्हणाल्या, "चाची, गाद्या न्यायले आलती तवा तुमच्या दारासमोर अर्धा घंटा उभी होती मी. आतून हाच आवाज येत होता."

बिस्मिल्लाबींनी मान वर केली नाही. "मले येतं थोडंसं," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी एकेकाचा हात धरून शिकवलं. माझं मनगट दोन बोटांनी दाबून म्हणाल्या, "इथून सैल सोड." मला वाटतं तास झाला असेल. मधेच त्यांनी इमरानला फोन लावला. अब्बा आता बरे आहेत, ऑक्सिजन लावलाय, असं तो म्हणाला. मग त्यांनी सामान बांधलं. त्या अवस्थेत आपण धुनकीला हात का लावला, हे त्यांना आजही नीट सांगता येत नाही. मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, "मले दवाखान्यात जाचं होतं अन् मी इकडं पिंजत होती. काहून, ते अल्ला जाने."

कुणीतरी व्हिडिओ काढला होता. बिस्मिल्लाबी दवाखान्यात पोचायच्या आत तो चाचांच्या खाटेपर्यंत पोचला. चाचांनी मास्क बाजूला केला.

"तू कायले हात लावला?"

"लोक दुरून आलते."

"मी तुले काय मागतलं होतं? एकच गोष्ट मागतली होती."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तिसऱ्या दिवशी सलोनी बोलवायला आली. समारोपात सत्कार करू म्हणाली. बिस्मिल्लाबी गेल्या नाहीत. खाटेपाशी बसून राहिल्या आणि चाचा त्यांच्याशी बोलले नाहीत.

पुढच्या गोष्टीचं निमित्त दवाखान्यातले डॉक्टर झाले. सुट्टी देण्याआधी त्यांनी विचारलं, "घरात अजून पिंजणं चालू आहे का?" दरवेळी चाचा सांगत, बंद आहे. या वेळी त्यांनी इमरानकडे पाहिलं. इमरानने सांगितलं, "अम्मी करते. अकरा वर्सं झाले."

"कुठे?"

"मागच्या खोलीत. दार लावून."

डॉक्टरांनी बिस्मिल्लाबींकडे पाहिलं. "तुम्ही कधी छाती तपासली?"

नव्हती तपासली. कुणाला सुचलंच नव्हतं. त्यांनाही नाही. सकाळी सकाळी छाती जड वाटे, जिना चढताना थांबावं लागे, पण ते वयाचं म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं. फुंकून घ्यायची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, सुरुवात झाली आहे. काम सोडलंत तर उत्तम. सोडणार नसाल तर मास्क लावून, उघड्यावर, वाऱ्यात. बंद खोलीत एक दिवसही नाही.

चाचा खाटेवर बसून सगळं ऐकत होते. इमरान म्हणतो, अब्बांचा चेहरा त्याने असा कधी पाहिला नव्हता.

घरी आल्यावर दुकान बंद राहिलं. बाहेर बोलणं सुरू झालंच होतं. मशिदीतून परत येताना एकाने हसत विचारलं, "चाचा, गादीवर नाव कोनाचं टाकता आता?" चाचा तेव्हापासून जवळच्या मशिदीत जायचे बंद झाले, पार नदीकडच्या मशिदीत जायला लागले. दम लागायचा तरी. एका सकाळी त्यांनी धुनकीची तात सोडवून, गुंडाळून कपाटात ठेवून दिली. बिस्मिल्लाबी बघत होत्या.

त्या दिवशी त्या बोलल्या. हे त्यांनी मला महोत्सवानंतर दीड-दोन महिन्यांनी सांगितलं, खोळीला टाके घालता घालता.

"मी म्हनलं, तुमची गोष्ट मोडली, ते माह्यं चुकलं. तुमी दवाखान्यात अन् मी तिथं, तेबी चुकलं. पण एक खरं सांगते. अकरा वर्सं पडद्यामागून आयकलं, लोक म्हनत, चाचा, काय गादी केली. मले कधी वाईट वाटलं नाई. त्या दिवशी इंदूबाईनं माह्याकडं पाहून म्हनलं, तर बरं वाटलं. आता ते बरं वाटलेलं मी कुठं टाकू?"

"मग? काय म्हणाले?"

"मंग म्हने, मले लाज तू पिंजल्याची नाई वाटत. मी खोटं बोलत होतो, त्याची वाटते. अन् तुह्या छातीची." त्यांनी दोरा दाताने तोडला. "मंग उठून गेले."

त्या बोलण्यानंतर आठवडाभराने एका सकाळी चाचांनी इमरानला बोलावून घेतलं. दोघांनी मिळून रस्त्याकडच्या ओट्यावर, पत्र्याच्या खाली धुनकी टांगायला आकडा ठोकला. चाचांनी स्वतः तात चढवली, ओढून पाहिली. इमरानला म्हणाले, "मास्क आनून दे तिले. पातळवाला नोको."

आता बिस्मिल्लाबी ओट्यावर पिंजतात. पहिले काही दिवस लोक उभे राहून बघत. काही जुनी गिऱ्हाइकं यायची थांबली, एक-दोन नात्यातल्या बायकांनी तोंडावर ऐकवलं की सून-नाती असलेल्या बाईने रस्त्यावर हे करावं का. नवीन लोकही येतात, महोत्सवात पाहिलेले. धुनकी सुरू झाली की चाचांना तिथे थांबता येत नाही, भुगा त्यांना मानवत नाही. ते इमरानच्या गॅरेजवर जाऊन बसतात आणि काम संपायच्या सुमारास परत येतात. कुणी त्यांना चाचींबद्दल विचारलं तर विषय बदलतात.

दर गुरुवारी सलोनीकडे, शेडबाहेर उघड्यावर, बिस्मिल्लाबींचा वर्ग असतो. मी जाते. डॉक्टरांनी सांगितल्यापासून त्या रोज फक्त दोन तास पिंजतात आणि दर तीन महिन्यांनी यवतमाळला तपासायला जातात. मागच्या वेळी छाती आहे तशीच होती. त्रास वाढला नाही, कमीही झाला नाही.

गेल्या गुरुवारी मी विचारलं, घरी आता कसं आहे.

"जेवन करून राह्यले, बोलनं कमी हाय," त्या म्हणाल्या. "काल मात्र गॅरेजवर जाता जाता थांबले. ढिगात हात घातला अन् म्हने, ही रुई ओली हाय, दोन दिवस उनात टाक."

"मग टाकली?"

"टाकली ना. ओलीच होती ते."