गिरणीच्या संस्कृतिभवनाचं छत

दुबईत नोकरी करताना ज्या इमारतीवर मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली, ती मी कधी पाहिलीच नाही. ती होती जुन्या सोव्हिएत मुलखातल्या एका गिरणीच्या गावात: कामगारांचं संस्कृतिभवन. आमच्या ऑफिसच्या एका क्लायंटने हॉटेल करण्यासाठी ते घेतलं होतं. २००८च्या सुरुवातीला दुबईचे लोक काहीही, कुठेही विकत घेत होते.

तिकडून फोटो आणि मोजमापं यायची, त्यावरून मी नकाशे काढायची. महायुद्धानंतरचं बांधकाम. समोर ग्रीक देवळासारखे खांब, पण खांबांच्या माथ्यावर कोरीव पानांऐवजी कापसाची बोंडं. वरच्या त्रिकोणात मागावरची बाई, खाणकामगार आणि पुस्तक धरलेला विद्यार्थी. तिघांचीही तब्येत ठणठणीत. कामगाराला राजवाडा बांधून द्यायचा आणि भिंतीवर तो सुखी दाखवायचा, असं तेव्हाचं सरकारी धोरण होतं. गिरणीत तो कसा होता, ते भिंतीवर येत नव्हतं. मला हे सगळं भपकेबाज वाटायचं. नाटकाच्या हॉलचं छत मात्र अस्सल होतं. छपराच्या लाकडी तुळयांना टांगलेलं प्लॅस्टर, त्यात गव्हाच्या ओंब्या, डाळिंबं, द्राक्षं, मधोमध तारा. एकही ओंबी साच्यातून काढलेली नव्हती, सगळं हाताने.

आमच्या ऑफिसात त्याच गावची एक आर्किटेक्ट होती, पन्नाशी ओलांडलेली, एकटी. तिचे वडील गिरणीत होते आणि त्या हॉलमध्ये ती लहानपणी नाच शिकली होती. तिचं एकच मागणं होतं. हॉटेल करा, खाली बार काढा, काय हवं ते करा; छत राहिलं पाहिजे.

छपराचे गंजलेले पत्रे काढायचे, तुळयांना पोलादी जोड द्यायचा आणि नवे पत्रे चढवायचे, असं ठरलं. मधल्या काळासाठी तिने खर्चात एक ओळ घातली: तात्पुरतं छप्पर. मीटिंगमध्ये खर्चाचा हिशेब बघणारा आमचा पुणेकर क्वांटिटी सर्व्हेयर ती वाचून माझ्याकडे वळला आणि मराठीत म्हणाला, "ताई, ह्या बाई मांडव घालतायत. मुंज आहे का कुणाची?"

"तिथे बर्फ पडतं," ती म्हणाली.

"मॅडम, तोपर्यंत नवे पत्रे चढलेले असतील."

"आणि नाही चढले तर?"

"चढतील, इन्शाल्ला," आमचे लेबनीज साहेब म्हणाले. "ही ओळ खलास. यल्ला, पुढचं."

कोणाच्या मनात वाईट नव्हतं. दुबईत आम्ही वर्षानुवर्षं छपरं उघडी टाकत आलो होतो. वरून धुळीशिवाय काही पडत नाही. त्या टेबलाभोवती पुण्याचे, कोकणातले, केरळातले लोक होते. आमच्या घरी दर मे महिन्यात कोणीतरी शिडी लावून कौलं चाळायचं. तरी आकाशातून काही पडू शकतं, हे आमच्या डोक्यातून साफ गेलं होतं.

उन्हाळ्यात तिकडे पत्रे उतरवले. पाठोपाठ मंदी आली, क्लायंटचे फोन लागेनासे झाले आणि काम थांबवा असा निरोप आला. मग आमच्या ऑफिसातली टेबलं रिकामी होऊ लागली. पुणेकर गेला, नंतर ती. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की देश सोडायचा. ती मात्र रडली-बिडली नाही. "बरंच झालं. आता मीच जाऊन झाकते," म्हणाली.

आम्ही अल कुसैसला राहत होतो. माझ्या नवऱ्याने गाडी काढली आणि आम्ही तिघं ड्रॅगन मार्टच्या चिनी बाजारात जाऊन मिळतील तेवढ्या मोठ्या ताडपत्र्या घेतल्या. भाव मी पाडला. गाठोडी डिकीत मावेनात.

"काय गं, इमारत झाकायची आहे की अख्खं गाव?" नवरा म्हणाला.

"तुम्ही गाडी चालवा."

कपडे मागे ठेवून तिने सामानात ताडपत्र्या नेल्या.

पोचल्यावर तिचा फोन आला. इमारत तिथल्या बँकेने ताब्यात घेतली होती. फाटकाला साखळी होती आणि राखणदार तिच्याच शाळेतला होता. त्याने तिला चहा पाजला, साखळी काही काढली नाही. नोकरी जाईल म्हणाला. मी तिला बँकेत कोणाला भेटायचं, नगरपालिकेत काय बोलायचं, सगळं नीट सांगितलं. ती सगळीकडे गेली. प्रत्येकाला छताची आठवण होती. कोणाचं लग्न तिथे झालं होतं, कोणाला बक्षीस तिथे मिळालं होतं. अधिकार मात्र कोणाकडेच नव्हता. तेवढ्यात बर्फ सुरू झालं.

पुढचा फोन हिवाळा संपताना आला. छतावर साठलेलं बर्फ वितळत होतं. आधी स्टेजकडचा भाग खाली आला, मग मधला तारा, मग तुळयांसकट उरलेलं. आवाज गिरणीपर्यंत गेला. ताडपत्र्या चांगल्या निघाल्या, ती म्हणाली. भावाच्या गोठ्यावर घातल्या आहेत.

आत कोणी नव्हतं ना, एवढंच मी विचारलं.

"कोण असणार? कुलूप आहे," ती म्हणाली.