आण्णांचं मीठ

अकरावीच्या माझ्या रसायनशास्त्राच्या वर्गात दरवर्षी आवर्तसारणीतल्या पहिल्या आणि दुसऱ्या गणाची गल्लत होते. सोडियम, पोटॅशियम हे अल्क धातू. मॅग्नेशियम, कॅल्शियम हे अल्कधर्मी मृदा धातू. नावं सारखी, म्हणून मुलं एकाचे गुणधर्म खुशाल दुसऱ्याला चिकटवतात. मी सांगते, पहिल्या गणातला सोडियम सुरीने कापता येतो, रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा लागतो, पाण्याशी गाठ पडली की थयथयाट करतो. दुसऱ्या गणातले जरा दमाने घेतात. आणि जो प्रश्न शेवटपर्यंत वाचत नाही, त्याचा मी अर्धा गुण कापायचे. त्या बाबतीत मी खडूस म्हणून प्रसिद्ध होते.

आण्णा, म्हणजे माझे वडील, किडन्या थकल्यावर देवळ्याहून नाशिकला माझ्याकडे राहायला आले. डॉक्टरांनी मीठ जवळजवळ बंद केलं. केळं आणि शहाळंही बंद, कारण त्यांत पोटॅशियम. ती यादी मीच फ्रिजवर चिकटवली होती. जन्मभर ठेचा-भाकरी खाल्लेला माणूस अळणी वरणभातापुढे मुकाट बसायचा आणि दोन घासांत ताट सारायचा. मला ते बघवत नव्हतं.

एकदा कॉलेज रोडच्या दुकानात एक पुडा दिसला. वर ठळक लिहिलेलं, कमी सोडियमचं मीठ. मी हरखून गेले. मागची बारीक अक्षरं वाचलीच नाहीत. सोडियम कमी केलं तर त्याच्या जागी काय घालतात, हे वर्गात कुणी विचारलं असतं तर मी झोपेतही सांगितलं असतं.

"आता तोंडाला चव आली गं पोरी," आण्णा म्हणाले. तीन आठवडे ते पोटभर जेवले. शेजाऱ्यांना सांगायचे, "माझी पोर लय शिकलेली हाय. मीठबी डोकं लावून आणलं तिनं."

मग एका सकाळी त्यांच्या पायांतलं बळच गेलं. दवाखान्यात रक्त तपासलं, तर पोटॅशियम भलतंच वाढलेलं. हृदय सावरायला डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं. पडद्यावरची रेघ थोडी सरळ वागू लागली. पहिल्या गणाने केलेली नासधूस दुसरा गण आवरत होता आणि मी कडेला उभी राहून बघत होते.

"घरी मीठ कोणतं वापरता?" डॉक्टरांनी विचारलं. मी सांगितलं.

"त्यात पोटॅशियम असतं, मॅडम."

आण्णांना कमी ऐकू यायचं. त्यांनी माझा हात धरला. "दुपारचा डबा घरूनच आण. हितलं जेवण अळणी राहील. आपलं मीठ टाक त्यात."

मी बरं म्हणाले. दुपारच्या आत ते गेले.

यंदाही तो धडा शिकवला. अर्धा गुण आता मी कुणाचाच कापत नाही. माझा भाऊ अजून सगळ्यांना सांगतो, शेवटी शेवटी ताईने आण्णांना पोटभर खाऊ घातलं. त्याला मी काही सांगितलेलं नाही.