पप्पांचा खुला ग्रुप

रिक्षा दारात उभी होती, माझ्या बॅगा आत गेल्या होत्या आणि पप्पा मात्र विहाराच्या भिंतीवरच्या फळ्यापाशी खडू घेऊन उभे होते. आई ओरडली, "अहो, पोरगी बंगळूरला चाललीय आणि तुम्ही बातम्या कसल्या लिहिताय?"

"हीच बातमी आहे," म्हणत त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आपल्या हेंद्रेपाड्याची प्रज्ञा आज नोकरीसाठी बंगळूरला निघाली.' खडू नेहमीप्रमाणे फळ्याच्या कडेला ठेवला, ज्याला वाटेल त्याने खाली उत्तर लिहावं म्हणून. रिक्षा वळायच्या आत शेजारच्या सुनीलकाकांनी लिहूनही टाकलं, 'पेढे कुठायत?'

बदलापुरात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, मी पत्रकांच्या घरात वाढले. पप्पा अंबरनाथला कारखान्यात फिटर. सुट्टीच्या दिवशी उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या छापखान्यातून चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे आणायचे आणि आम्ही घरोघर वाटायचो. "दारात टाकून पळायचं नाही," ते बजावायचे. "माणूस वाचेपर्यंत उभं राहायचं. त्याला काही म्हणायचं असेल तर?" त्या उभं राहण्यापायी मी शिव्याही खाल्ल्यात आणि चहाही प्यायलाय.

इथे बंगळूरला माझी पत्रकं फोनवर निघतात. पोस्ट टाकते, रील करते, कॅब येईपर्यंत एखाद्या मंत्र्याला झोडपते. कुणी वाकडं बोललं की ब्लॉक. उरलेले सगळे 'एकदम बरोबर' म्हणतात, आणि मला वाटायचं, विचार पसरतोय.

रस्ता रुंद करताना विहाराची ती फळ्याची भिंत पडली, तेव्हा पप्पांनी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. त्यात बदलापुरातल्याच खरवईच्या नव्या इमारतींतली माणसंही आली. एकदा पप्पांनी लिहिलं, आपल्या नळाला जोर नाही, कारण नव्या इमारती पाणी ओढतात. त्यावर खरवईच्या संदेशने, वयाने पप्पांच्या निम्मा असेल, उत्तर दिलं, "काका, घरात बसून काय पण फेकता. मोबाईल ठेवा आणि आराम करा."

ग्रुप पेटला. पप्पांसोबत वर्षानुवर्षं पत्रकं वाटलेले चौघे म्हणाले, एक तर तो राहील, नाही तर आम्ही. मी फोनवर तडकले, "पप्पा, काढा त्याला. नाही तर फक्त ॲडमिन लिहील असं सेटिंग करा."

"मग लिहू कुणासाठी? तुझ्या आईसाठी?"

मागून आई, "मी नाही हां वाचत!"

पप्पांनी संदेशला काढलं नाही आणि ते चौघे खरंच गेले. पप्पा नीट जेवत नाहीत, आईने हळूच सांगितलं. ज्या माणसांच्या जोरावर आयुष्यभर बोलले, तीच गेली होती.

रविवारी त्यांनी संदेशकडून पत्ता मागवला आणि आईच्या स्कूटीवर मागे बसून थेट त्याच्या घरी गेले.

"आयला, काका, तुम्ही? या ना, आत या." पोरगा ओशाळला, आई सांगत होती. मग त्याने किचनचा नळ सोडला. नुसती हवा. "आम्ही पाणी ओढतो म्हणता ना? टँकर येतो काका, टँकर!" पप्पा टँकर येईपर्यंत बसून राहिले. आई त्याच्या बायकोला बादल्या भरू लागली.

संध्याकाळी ग्रुपवर पप्पांनी लिहिलं, "नळाबद्दल मी लिहिलं ते चूक होतं. संदेशच्या इमारतीत नळाला पाणीच नाही. आज स्वतः पाहून आलो. नगरपालिकेत सगळे मिळून जाऊ."

संदेशचं उत्तर, "थँक्यू काका. पण टँकर पण रोज येत नाय, ते लिहायचं राहिलं."

"बघ, परत चूक काढली!" पप्पा मला फोनवर हसत सांगत होते. इतकं खूश मी त्यांना पगारवाढीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. चौघांतले दोघे परत आले. "भांडायला दुसरं कोण मिळणार त्यांना?" आई म्हणाली. उरलेल्या दोघांकडे पप्पा जातात, चहा पितात, ग्रुपचा विषय काढत नाहीत.

मी इतकी पत्रकं वाटली, इतक्या पोस्टी लिहिल्या. पण वाकडं बोलणाऱ्याच्या दारात जायची एवढी हिंमत माझ्यात नव्हती.

बंगळूरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहायचा. लिफ्ट बंद, मेंटेनन्स भरा. आम्ही खाली अंगठ्याचं चिन्ह टाकायचो. परवा सेक्रेटरींना म्हटलं, सगळ्यांसाठी खुला करा. "क्यूँ मॅडम, आपको क्या बोलना है?" त्यांनी आठ्या घातल्या, पण केला.

काल मी लिहिलं, कामाला येणाऱ्या बायकांना वेगळी लिफ्ट कशासाठी? चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी लगेच मला झापलं, चांगलं सविस्तर. राग आला आणि गंमत म्हणजे बरंही वाटलं. ज्या इमारतीत आपल्याशी कुणी भांडतसुद्धा नाही, तिला घर कसं म्हणायचं?

चप्पल घातली, जिना चढले आणि आजोबांच्या दाराची बेल वाजवली. या शहरात आल्यापासून शेजाऱ्याच्या दारात मी पहिल्यांदाच उभी होते.