चार जागा, दोन खिडकीच्या

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग चहा अंगावर सांडला तर मी जबाबदार नाही. हंपी आम्ही पाहिली, हे आधी सांगतो. फोटो आहेत, दगडी रथासमोर मी छाती काढून उभा आहे. पण या सहलीत माझी जी शोभा झाली ती हंपीच्या पुष्कळ अलीकडे, लातूरच्या बसस्टँडवर.

आमच्या घरात सुट्टी म्हणजे पाहुण्यांकडे जाणं. यंदा बायको, सुनंदा, म्हणाली, "एकदा तरी अशी ट्रिप करा, ज्यात एकही पाहुणा न्हाई."

झालं. नांदेडहून रेल्वेनं लातूर, लातूरहून बसनं सोलापूर, तिथं लॉजवर मुक्काम, मग रेल्वेनं विजापूर, पुढं बदामी, हंपी. असं प्लॅनिंग मोठमोठ्यांना जमत नाही. मी मुद्दाम मेहुण्याला फोन करून ऐकवलं. हा सुनंदाचा धाकटा भाऊ, शिरूर अनंतपाळला शेती करतो.

"दाजी, गाडी करा की," तो म्हणाला. "रेल्वे-बसचं लई अवघड काम हाय. फिरून फिरून आमच्याच दारात याल."

"तुझ्या दारात आलो तर नाव बदलीन!"

लातूरपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे झालं. आता बस. आणि बसमध्ये जागा धरण्यात माझा हात धरणारा नांदेड जिल्ह्यात नाही. दारातून चढतात ते नवखे. आपण खिडकीतून रुमाल टाकायचा. ज्याचा रुमाल त्याची जागा, हा आपल्याकडचा कायदा. शिवाय वडिलांनी शिकवलेलं, पाटी वाचत बसणारा उभ्यानं जातो. गर्दी जिकडं पळते तिकडं पळावं.

दोन गाड्या एकदम स्टँडात शिरल्या. मोठी गर्दी जिकडं पळाली तिकडं मीही पळालो. एका खिडकीतून रुमाल टाकला, दुसरीतून टॉवेल. सुनंदाच्या खांद्यावरची शाल ओढून तीही टाकली. चौथ्या जागेसाठी हातात काही उरेना, तेव्हा पायातली चप्पल काढली आणि भिरकावली.

"चप्पल कोणाची हाय?" आतून कुणीतरी ओरडलं.

"आमची हाय. बसू नका."

चार जागा, त्यातल्या दोन खिडकीच्या. दोन्ही पोरी आणि सुनंदा ऐटीत येऊन बसल्या. गाडी निघाली तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. मी उभ्या लोकांकडे जरा दयेनंच बघत होतो.

"कुठं चाललाव?" शेजारी दांडीला लोंबकळणाऱ्या गृहस्थानं विचारलं.

"हंपी."

"ह्या गाडीनं?"

"प्लॅनिंग लागतं हो त्याला," म्हणून मी त्याला सोलापूर ते हंपी सगळं समजावून सांगितलं. अर्धी बस ऐकत होती. मला वाटलं, कौतुकानं.

तेवढ्यात कंडक्टर आला. "चार सोलापूर," मी म्हणालो.

"काका, ही गाडी शिरूर अनंतपाळची हाय."

आता माझ्या तोंडाकडं काय बघता? तुमची गाडी कधी चुकली नाही का? कंडक्टर बिचारा चांगला. म्हणाला, "म्होरल्या फाट्यावर उतरा, लातूरला जायला मागारी गाडी भेटंल."

मी उतरणारच होतो, देवाशपथ. पण अर्धा उठलो आणि तो दांडीवरचा गृहस्थ माझ्या जागेकडे सरकला. चप्पल फेकून जिंकलेली जागा अशी कुणाच्या घशात घालायची? मी परत बसलो.

"चार शिरूर द्या."

सुनंदा खिडकीबाहेर बघत हसत होती. मला शंका आली. "तू पाटी वाचली होतीस?"

"वाचली की."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही चपला फेकीत होताव, मधी कुठं बोलू?"

"अगं, पण एकही पाहुणा नको म्हणाली होतीस ना?"

"भाऊ काय पाहुणा असतो का?"

मी तिकिटं खिशात कोंबली.

मेहुणा अंगणातच उभा होता. बहिणीनं वाटेतून फोन केला होता, हे उघडच होतं. "या दाजी," तो हात जोडून म्हणाला, "नवीन नाव काय म्हणायचं?"

मी मान ताठ ठेवली. "नावाचं बघू नंतर. खचाखच गाडीत चार जागा धरल्या, दोन खिडकीच्या. आहे का कुणाची हिंमत?"

"न्हाई, ते मानलं," तो माझ्या पायांकडे बघत म्हणाला. "पर एकच चप्पल घालून आलाव?"

मी खाली पाहिलं. दुसरी अजून गाडीतच होती, जागा धरून.