खारीच्या बांधावर आमच्या घराची बारी

पेणजवळच्या खारीत, म्हणजे खाडीकाठच्या खारवट जमिनीत, आमचं भातशेत होतं. आता तिथे तिवरांचं, खारफुटीचं रान आहे. खारं पाणी अडवणारा मातीचा बांध एका श्रावणातल्या उधाणात फुटला. त्या दिवशी बांध बघायची बारी, म्हणजे पाळी, आमच्या घराची होती आणि हे रोह्यात कंपनीत, पहिल्या शिफ्टला. "माझ्यामुळे गेला," असं ते शेवटच्या आजारपणातही म्हणायचे. ते जाऊन तीन वर्षं झाली. खरंच त्यांच्यामुळे गेला का, हे गावात जाऊन विचारायचं होतं. भात झोडून झाल्यावरची उधाणाची पौर्णिमा धरली आणि रोह्याशेजारच्या अष्टमी गावातल्या घरून निघाले.

रोह्याहून सकाळची पेणची एसटी मिळते, बायकांना अर्धं तिकीट. खिडकीत बसा. जिथे भातामागून वाल पेरायचे तिथे आता मुरुमाचा भराव आणि पत्र्याच्या शेड दिसतात. भरावात पाणी मुरत नाही, ते शेजारच्या शेतात साचतं, हे मी वाचून शिकले. शेजारच्या शेतकऱ्याला न वाचताच कळलं असणार.

पेणला रामवाडीच्या स्टँडवर चहा घ्या, बाटली भरून घ्या. पुढे गोड्या पाण्याची टंचाई आहे. गावाकडची रिक्षा भरली की सुटते.

थोरल्या जाऊबाईंनी निवट्यांचं कालवण केलं होतं. चिखलात उड्या मारणारे हे मासे. "तुझ्याच शेतातल्या हायत गो," त्या म्हणाल्या. "भात नाय देत, पन उपाशी बी नाय ठेवत."

जेवण झाल्यावर मी विचारलं. त्यांनी आधी बांधाची रीत सांगितली. उधाणाच्या दिवशी बारी असेल त्या घरच्या माणसाने बांधावर अनवाणी चालायचं. खेकड्याचं भोक डोळ्याला दिसत नाही, तळपायाला मऊ लागतं. तिथेच चिखल दाबायचा.

"बारी त्याचीच व्हती. खोटं नाय सांगत," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ भांडी आवरत राहिल्या. "पन त्याच्या आधीच्या उधाणांना कोन चाललं? कोनी नाय. सगले कंपनीत. आमचे बी."

"हे त्यांना कधी सांगितलं नाहीत?"

"त्यानं कधी इचारलंच नाय. आमाला वाटलं, इसरला."

आम्ही उरलेल्या बांधावर गेलो. एका बाजूला तिवरं, त्यांत बगळे. दुसऱ्या बाजूला अजून पिकणारी शेतं, पण बांधालगतच्या दोन तुकड्यांवर मिठाचा पांढरा थर. भरती चढत होती. चपला काढून चालू लागले. जरा पुढे उजव्या तळपायाला मऊ लागलं. थांबले. जाऊबाईंनी पदर खोचला, खालून चिखल दिला.

"दाब. अजून दाब. पुढच्या पुनवंला ये, बारी तुमच्या घराची."

संध्याकाळी अष्टमीला घरी येऊन पाय धुतले. टाचेच्या भेगांतला चिखल निघेना. गावाहून आले की ह्यांच्याही टाचांत तो असायचा, आणि चादर मळते म्हणून मी चिडायचे. तशीच आडवी झाले. चादर मळली. चार दिवस झाले, अजून धुतलेली नाही.