आमची गाडी आणि मावशीची मेथी

घाण झालेलं पाणी तपासायचं आणि ते सुधारायचा मार्ग सांगायचा, हे माझं काम. लोकांना वाटतं, मी दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसते. कसलं काय! अंबरनाथ ते बदलापूर मी बाटल्या घेऊन नाल्यांच्या काठानं हिंडत असते, एका हातानं नाक धरून.

खरवईच्या अलीकडे एक नाला आहे. वर कारखाने, खाली एका मावशीचे मेथी-पालकाचे वाफे. तिचं घर त्या भाजीवर चालायचं. नाला सुधारायला निधी द्यायचा की नाही, हे आमच्या नमुन्यांवर ठरणार होतं.

नमुने घ्यायला जाण्याआधी कारखान्यांना पत्र धाडायचं, हा ऑफिसचा शिरस्ता. पाहुणे कळवून आले की कोणीही घर झाडून ठेवतं. आम्ही पोचायचो तेव्हा नाला इतका नितळ, की हात जोडावेत. मी साहेबांना म्हटलं, एकदा न कळवता जाऊ या. ते म्हणाले, "मॅडम, आपण शास्त्रज्ञ आहोत. धाडी घालणं आपलं काम नाही."

माझं डोकं फिरलं. रविवारी रिक्षा करून एकटीच गेले. नाल्यावर फेसाचे डोंगर आणि डोळे चुरचुरणारा वास. बाटली भरून आणली, तर पत्राशिवायचा नमुना चालत नाही म्हणून ती परत माझ्याच हातात.

मावशीनं मात्र आपली सोय लावली होती. "तुमची गाडी दिसली का मी पानी घेते," ती सांगायची. गाडी आली की शेतातला खड्डा भरून घ्यायची आणि पुढची गाडी येईपर्यंत तेच पाणी जपून वाफ्यांना घालायची. निघताना मला एक जुडी द्यायची. ती मी खाल्ली का, ते विचारू नका.

शेवटी निकाल लागला. पाणी उत्तम, सुधारणेची गरज नाही, तपासणी बंद. साहेबांनी पेढे वाटले. मावशीला सांगायला मीच गेले, आणि सांगताना मला स्वतःचीच चीड आली.

"मावशी, नाला स्वच्छ आहे असं ठरलंय. आता आमची गाडी येणार नाही."

तिनं वाफ्यांकडे पाहिलं. "मंग पुढची मेथी नाय पेरत," ती म्हणाली.